धाप मोजता, मग धास्ती का नाही?

दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन येतो. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद करत जाणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. फुफ्फुसांवर चार लेख छापून येतात, दवाखान्यांच्या आवारात फुंकर मारून घ्यायची शिबिरं होतात, आणि अलीकडे त्यात एका मागणीची भर पडली आहे : दीर्घकालीन श्वसनविकाराच्या प्रत्येक रुग्णाची चिंताविकारासाठी चाळणी (स्क्रीनिंग) व्हावी, म्हणजे ठरावीक प्रश्न विचारून संशयित रुग्ण वेगळे काढावेत. मागणी आली की वाद ठरलेला. एक फळी म्हणते, मानसिक आरोग्य हाही हक्कच आहे, द्या प्रत्येकाच्या हातात प्रश्नावली. दुसरी म्हणते, ज्याला श्वास पुरत नाही तो घाबरणारच, त्यात चाळायचं काय? पहिलीला वाटतं, प्रश्न विचारला की काम झालं. दुसरीला वाटतं, भीतीचं कारण कळलं की तिच्याबद्दल करण्यासारखं काही उरलंच नाही. मग दोघी एकमेकींच्या लंगड्या मुद्द्यांवर तुटून पडतात आणि खरे अवघड मुद्दे तसेच राहतात.

माझं म्हणणं असं, की ही चाळणी करावी. पण मानसिक आरोग्याच्या मोहिमेचा तुकडा म्हणून नको, छातीच्या उपचाराचा भाग म्हणून करावी. आणि जिथे पुढचं काही देता येत नाही तिथे करूच नये. ‘करावी की नको’ हा प्रश्न मला मुळातच फसवा वाटतो, कारण चाळणी आजही चालू आहे. रुग्ण म्हणतो, “रात्री जीव घाबरा होतो, डॉक्टर.” यावर तीनपैकी एक गोष्ट होते. एक तर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून पाठीवर हात पडतो. नाही तर पंपाचा (इनहेलरचा) डोस वाढतो. किंवा केसपेपरच्या तळाशी रात्रीची अर्धी अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता दाबणारी गोळी, लिहिली जाते. हे तिन्ही निर्णय आहेत, आणि तिन्ही निर्णयांच्या मुळाशी ‘हा माणूस घाबरलेला आहे’ किंवा ‘नाही’ असा कुणीतरी केलेला अंदाज आहे. फक्त त्या अंदाजाला मोजमाप नाही, त्याची नोंद नाही, आणि तो चुकला तर चुकल्याचं कुणाला कळत नाही.

यातला तिसरा निर्णय सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक. अल्प्राझोलाम आणि तिच्या जातीच्या गोळ्या श्वासाची प्रेरणा मंदावू शकतात. ज्यांच्या रक्तात आधीच कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांना तर त्या जपूनच द्याव्या लागतात. घरी ऑक्सिजन लागणाऱ्या सीओपीडीच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास स्वीडनमध्ये झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी जास्त आढळलं. हा निरीक्षणातून आलेला आकडा आहे; जास्त आजारी माणसंच जास्त गोळ्या घेत असतील, ही शंका पूर्ण फिटत नाही. तरी सावध व्हायला तेवढं पुरेसं आहे. आपल्याकडे ही औषधं अनुसूची ‘एच १’मध्ये आहेत, म्हणजे दुकानदाराने चिठ्ठी पाहून स्वतंत्र वहीत नोंद करायची. पण जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने पाकिटं नेणारे किती आहेत, हे कुठल्याही गावच्या औषधाच्या दुकानात अर्धा तास उभं राहिलं तर दिसतं. चाळणीने लोकांना उगाच औषधं लागतील असं म्हणणाऱ्यांना म्हणूनच विचारावंसं वाटतं : चाळणीशिवाय लागलेल्या औषधांचं काय?

‘घाबरणारच’ हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो अर्धा खरा आहे. धाप लागलेल्या माणसाची भीती हे शरीराने केलेलं वर्तन आहे, बिघाड नव्हे. पण या आजारात ती भीती बाहेर उभी राहून आजाराकडे बघत नसते. ती आजाराच्या आत शिरून त्याला ढकलत असते. सीओपीडीत खरी अडचण हवा आत घेण्याची कमी आणि बाहेर सोडण्याची जास्त. नळ्या अरुंद झालेल्या, फुफ्फुसांची लवचीकता गेलेली. उच्छ्वासाला वेळ लागतो. माणूस घाबरला की श्वास भराभर घेतो, म्हणजे नेमकी तीच वेळ कापतो. आधीच खच्चून भरलेल्या एसटीत आतले उतरायच्या आत नवे चढू लागावेत, तशी गत होते. छाती फुगलेलीच राहते, तिच्याखालचा पडदा सपाट होतो, पुढचा श्वास आणखी तोकडा पडतो, आणि भीती दुप्पट होते. हे मिनिटा-दोन मिनिटांत घडतं. महिन्या-दोन महिन्यांत त्याचं दुसरं रूप दिसतं : माणूस जिना टाळतो, बाजार टाळतो, मग आंघोळीलाही कंटाळतो. पायांचे स्नायू वापराविना झिजतात, त्यामुळे कमी श्रमात जास्त धाप लागते. फुफ्फुसांची क्षमता तेवढीच असताना माणूस अधिक आजारी होतो. अशा भीतीला ‘स्वाभाविक’ म्हटल्याने काय साधलं? हाड मोडल्यावरची वेदनाही स्वाभाविकच असते. म्हणून कुणी ती विचारायची सोडत नाही.

दुसरा आक्षेप मोजण्याचा आहे, आणि तो ताकदीचा आहे. चिंतेच्या प्रश्नावल्यांत धडधड, घाम, हात थरथरणं, श्वास कोंडणं यांची रेलचेल असते. पंपातून श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे चार झोत घेतलेल्या कुणाचेही हात थरथरतात आणि छाती धडधडते. ‘श्वास घ्यायला त्रास होतो का?’ असं सीओपीडीच्या रुग्णाला विचारून त्याचे गुण चिंतेच्या खात्यात टाकणं हा निव्वळ गाढवपणा आहे. पण या अडचणीला उत्तर आहे, आणि ते फार जुनं आहे. इंग्लंडमध्ये झिगमंड आणि स्नेथ या दोघांनी १९८३ मध्ये खास रुग्णालयातल्या रुग्णांसाठी १४ प्रश्नांची मोजपट्टी बनवली, ती शारीरिक लक्षणं मुद्दाम वगळूनच. पुढे तर फक्त श्वसनविकारांसाठी १० प्रश्नांची मोजपट्टी तयार झाली. तिच्यातही शरीराची लक्षणं नाहीत, भीतीच्या विचारांबद्दलचे प्रश्न आहेत. आक्षेप घेणारे चुकीच्या फूटपट्टीकडे बोट दाखवून मोजण्यालाच नकार देतात.

उलट बाजूच्या उत्साही मंडळींनाही इथे थोडं गणित करावं लागेल. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या कृतिदलाने ६४ वर्षांपर्यंतच्या सर्व प्रौढांची चिंतेसाठी चाळणी करण्याची शिफारस केली, आणि तिचे पडसाद आपल्या परिसंवादांत उमटू लागले. त्याच निवेदनात ६५ आणि त्यापुढच्या वयासाठी ‘पुरावा अपुरा’ असंही म्हटलं होतं. सीओपीडीचे रुग्ण मोठ्या संख्येने त्याच वयाचे असतात, हे उद्धृत करताना सोयीने विसरलं जातं. सर्वांची चाळणी आणि निवडक गटाची चाळणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ७ प्रश्नांची सर्वांत लोकप्रिय प्रश्नावली घ्या. २००६ च्या मूळ अभ्यासात ती खऱ्या रुग्णांपैकी ८९ टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी ८२ टक्क्यांना बरोबर सोडून देते, असं आढळलं. १,००० सर्वसामान्य माणसांत ५० जणांना चिंताविकार आहे असं धरा. प्रश्नावली त्यांतले ४४-४५ पकडेल, आणि त्यांच्यासोबत १७१ धडधाकट माणसांवर शिक्का मारेल. पकडलेल्या दर पाचांपैकी चार जण उगाच! आता १,००० सीओपीडीचे रुग्ण घ्या. वेगवेगळ्या अभ्यासांत बाह्यरुग्णांमधलं चिंतेचं प्रमाण १३ पासून ४६ टक्क्यांपर्यंत सापडलं आहे. आपण ३० धरू. तीच प्रश्नावली २६७ खरे आणि १२६ खोटे पकडेल. म्हणजे तिघांपैकी दोघं खरे. प्रत्यक्षात या रुग्णांमध्ये ही प्रश्नावली इतकी चोख चालत नाही, त्यामुळे आकडे याहून कमीच भरतील. पण दिशा बदलत नाही. दक्षिण कोरियाने थायरॉइडच्या कर्करोगासाठी धडधाकट लोकांच्या सोनोग्राफी सुरू केल्या, तेव्हा १९९३ ते २०११ या काळात रोगाचं प्रमाण १५ पट झालं आणि मृत्यूचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. सरसकट चाळणीचं भय वाटणाऱ्यांचं भय खरं आहे. ते छातीच्या ओपीडीला लागू पडत नाही, एवढंच.

आणि त्या १२६ ‘खोट्यां’चं काय? छातीच्या दवाखान्यात त्यांच्यापैकी पुष्कळांना दुसरं काहीतरी झालेलं असतं. अचानक वाढलेली घबराट ही रक्तातला ऑक्सिजन घसरल्याची खूण असू शकते, हृदय थकल्याची असू शकते, फुफ्फुसात गुठळी अडकल्याची असू शकते. कित्येकदा ती फक्त पंप चुकीचा ओढला जात असल्याची असते. औषध जिभेवर बसतं, नळीत पोचतच नाही. तेव्हा चाळणीत अडकलेल्या माणसाचं पहिलं पाऊल मानसोपचारतज्ज्ञाकडे पडायला नकोच. आधी बोटाला ऑक्सिमीटर, मग हृदयाची तपासणी, मग ‘पंप कसा घेता ते मला करून दाखवा’. हे छातीच्या डॉक्टरकडेच होऊ शकतं. चाळणी मनोविकाराच्या कार्यक्रमाकडे सोपवू नये असं मी म्हणतो ते यासाठी.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप : विचारून करणार काय, पुढे आहे कोण? या देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांतली उपचारांची तूट ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान निघाली. १९९० मध्ये देशात सीओपीडीचे सुमारे २.८ कोटी रुग्ण होते, २०१६ मध्ये ते साडेपाच कोटींवर गेले. एवढ्यांना विचारायचं आणि मग हात वर करायचे? जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये चाळणीचे जे निकष लिहिले, त्यांतही निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असली पाहिजे, हे स्पष्ट आहे. हा निकष मला मान्य आहे. पण ‘सोय’ म्हणजे मानसोपचारतज्ज्ञच, हे कुणी ठरवलं?

याचं उत्तर आपल्याच देशाने एकदा दिलं होतं, आणि तेही फुफ्फुसं जळालेल्या माणसांच्या गर्दीत. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. वाचलेल्यांपैकी हजारोंच्या छातीला कायमचं नुकसान झालं. शहरात मानसोपचाराची सोय म्हणावी अशी नव्हती. तरी १९८५ च्या सुरुवातीलाच गॅसपीडितांच्या १० साध्या दवाखान्यांत मानसिक लक्षणांची चाळणी झाली. एक छोटी प्रश्नावली, आणि जे तिच्यात अडकले त्यांची नीट मुलाखत. ८५५ जण चाळले गेले, २२.६ टक्क्यांना मनोविकार निघाला. त्यांत बहुतांश स्त्रिया होत्या, आणि जवळपास पाव रुग्णांचं निदान चिंताविकाराचं होतं. हे लोक ‘मनाच्या’ दवाखान्यात आले नव्हते. खोकला, धाप, डोळ्यांची आग घेऊन आले होते. पुढे काय केलं? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दवाखान्यांतल्याच सुमारे ५० वैद्यकीय अधिकाऱ्यांना काही दिवसांचं प्रशिक्षण दिलं, त्यांच्या हाती एक पुस्तिका दिली, आणि सांगितलं की हे रुग्ण तुमचेच आहेत. चाळीस वर्षांपूर्वी, आपत्तीच्या धुमाळीत जे जमलं, ते आज तालुक्याच्या रुग्णालयात जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी जरा भोपाळचे कागद चाळावेत.

दुसरं उत्तर गोव्यातलं. संगाथ या संस्थेने, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, २४ दवाखान्यांत एक मोठी चाचणी केली. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांची प्रश्नावलीने चाळणी झाली आणि नैराश्य व चिंता असलेल्यांना मदत करायला वैद्यकीय पदवी नसलेले, पण शिकवून तयार केलेले समुपदेशक नेमले. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी नव्या पद्धतीने ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, जुन्या पद्धतीने ४२.५ टक्के. पण गोव्याचं नाव घेणारे बहुधा इथेच थांबतात. खासगी दवाखान्यांत या पद्धतीने काहीच फरक पडला नाही; दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. महाराष्ट्रातले दमेकरी मोठ्या संख्येने खासगी डॉक्टरांकडे जातात, तेव्हा गोव्याचा आकडा जसाच्या तसा इकडे उचलून आणता येणार नाही. सरकारी ओपीडीसाठी तो भक्कम आधार आहे; खासगीसाठी नाही.

शिक्क्याचा मुद्दा मला या सगळ्यांत अधिक अस्वस्थ करतो. विसाव्या शतकाच्या मध्यात शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर यांनी दमा हा मनातून उपजणाऱ्या सात आजारांत गणला. दम्याची घरघर म्हणजे आईसाठी दाबून ठेवलेलं रडणं, असा त्या परंपरेचा अर्थ. अमेरिकेत दम्याच्या मुलांना आईवडिलांपासून तोडून दूरच्या संस्थेत ठेवण्याचा उपचारही झाला. त्याच सातांत जठराचा व्रणही होता. १९८२ मध्ये मार्शल आणि वॉरन यांना त्याच्यामागचा जिवाणू सापडला. शरीराचा आजार मनाच्या माथी मारण्याचा हा इतिहास काही फार लांबचा नाही. भोपाळमध्येही गॅसपीडितांच्या तक्रारी भरपाईसाठी केलेल्या बतावण्या आहेत, अशी कुजबुज होतच राहिली. आणि आपल्या घरात? चाळीस वर्षं पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बाईला धाप लागते, तेव्हा ती विडी ओढत नाही म्हणून तिच्या छातीचा संशयच कुणाला येत नाही. पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच लिहिलं होतं, की जगभराचा विचार केला तर सीओपीडीचं सर्वांत मोठं कारण तंबाखू नसून चुलीचा धूर असू शकेल. तरी त्या बाईला आधी ऐकावं लागतं : “फार विचार करता तुम्ही, मावशी.” अशा बाईच्या हाती चिंतेची प्रश्नावली दिली आणि ती त्यात अडकली, तर तिची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुफ्फुसांची तपासणी, कधीच होणार नाही, ही भीती पोकळ नाही. म्हणून माझी अट कडक आहे. ज्यांचा फुप्फुसाचा आजार तपासणीने सिद्ध झाला आहे त्यांचीच चाळणी करावी. बाकीच्यांची आधी छाती तपासा. चिंतेची नोंद छातीच्या निदानाशेजारी व्हावी, त्याच्या जागी कधीच नको. आणि प्रश्न विचारताना सून किंवा मुलगा खुर्चीला खेटून उभा नसावा, रांगेतल्या बाकड्यावर मोठ्याने तर मुळीच विचारू नये. आपल्या ओपीडीत एवढा एकांत मिळवणं हे प्रश्नावली छापण्यापेक्षा अवघड काम आहे, याची मला कल्पना आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप वादात फारसा येत नाही, कारण तो वाचावा लागतो. उपचारांचा पुरावा डळमळीत आहे. ब्रिटनमध्ये ‘टँडेम’ नावाची चाचणी झाली. सीओपीडीबरोबर सौम्य-मध्यम चिंता वा नैराश्य असलेले चारशेहून जास्त रुग्ण, त्यांना खास शिकवलेल्या श्वसनतज्ज्ञ कर्मचाऱ्यांकडून विचार-वर्तन पद्धतीचं समुपदेशन, एक एक रुग्णाला घरी जाऊन किंवा फोनवर. सहा महिन्यांनी चिंतेत फरक नाही, नैराश्यातही नाही. त्याआधी २०१८ मध्ये न्यूकॅसलच्या परिचारिकांनी केलेल्या चाचणीत मात्र अशाच उपचाराने चिंता नुसत्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त कमी झाली होती. एक होकार, एक नकार. आणि नकार जास्त मोठ्या अभ्यासातून आलेला. चाळणी केल्यानेच सीओपीडीचे रुग्ण अधिक बरे राहतात, असं दाखवणारा भक्कम पुरावा माझ्या बाजूला नाही. मग माझा आग्रह कशावर उभा आहे?

तो बोलण्याच्या उपचारावर उभा नाही. घाबरलेला रुग्ण कोण हे कळलं, तर छातीच्या डॉक्टरचे छातीविषयीचेच निर्णय बदलतात. ज्याची धाप भीतीने वाढते त्याला पंपाचा तिसरा प्रकार लिहून देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याला लागतं ते फुप्फुसांचं पुनर्वसन : देखरेखीखाली चालणं, पायांचे व्यायाम, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकणं. या कार्यक्रमाने धापच नव्हे, तर चिंताही कमी होते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे. आणि तो अर्धवट सोडून जाणाऱ्यांत घाबरणारे बरेच असतात. आधी कळलं तर त्यांचा हात धरून ठेवता येतो. चेहऱ्याजवळ धरलेल्या छोट्या हातपंख्याच्या झुळकीने धाप कमी जाणवते, हे केंब्रिजच्या गटाने २०१० मध्ये चाचणी घेऊन दाखवलं. त्याला ना परवाना लागतो ना तज्ज्ञ. धाप चढली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं आणि कधी मात्र वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे कागदावर लिहून द्यायलाही नाही. शिवाय ज्याचं उत्तर ‘हो’ आलं त्याच्या चिठ्ठीत अर्धी गोळी आहे का, हे तरी त्या दिवशी पाहिलं जाईल. एवढंच झालं तरी चाळणी वसूल.

पण नुसता चौकोन भरायची सवय लागली तर यातलं काहीच होत नाही, आणि तसं झाल्याचा दाखला आहे. ब्रिटनने २००६ मध्ये मधुमेह आणि हृदयविकाराच्या रुग्णांना नैराश्याचे दोन प्रश्न विचारल्याबद्दल डॉक्टरांना पैसे द्यायला सुरुवात केली. पैसे प्रश्नाचे होते, पुढच्या कामाचे नव्हते. प्रश्न विचारले गेले, खुणा झाल्या, कागदी घोडे नाचले. लीड्समधल्या दवाखान्यांच्या अभ्यासात नैराश्याच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या चढत राहिल्याचं दिसलं. २०१३ मध्ये तो निकष काढून टाकला गेला. आपल्याकडे दुसऱ्या टोकाचं उदाहरण रोज डोळ्यांसमोर आहे. एचआयव्हीच्या उपचार केंद्रांत प्रत्येक भेटीत चार गोष्टी विचारतात : खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. त्यासाठी डॉक्टरही लागत नाही. हे टिकलं, कारण ‘हो’ म्हणणाऱ्याला लगेच थुंकीच्या तपासणीला पाठवलं जातं आणि क्षयाची औषधं फुकट मिळतात. प्रश्नाच्या पाठीला काम बांधलेलं आहे.

सरकारी यंत्रणेत याची पाटी कोरी नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकासाठी जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात स्वयंपाकाचं इंधन कोणतं, धुराधुळीच्या कामावर आहात का, धाप लागते का, हे सगळं आहे. त्याच कागदाच्या शेवटी मनाविषयीचे दोन प्रश्नही आहेत, पण ते फक्त नैराश्याचे : कामात रस वाटत नाही का, उदास वाटतं का. चिंतेचा एकही नाही. आणि धुराच्या भागातलं ‘हो’ नि मनाच्या भागातलं ‘हो’ एकाच बाईचं असलं तरी दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत बेरजेला जातात, वेगवेगळ्या अहवालांत वर चढतात. तक्त्यात भर घालण्याच्या मी विरोधात आहे. आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, आणि तालुक्यात स्पायरोमेट्रीच होत नसेल तर गावात चिंता विचारणं म्हणजे पुन्हा त्या मावशीला ‘फार विचार करता’ म्हणून घरी पाठवणं. सुरुवात जिल्हा रुग्णालयांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या छाती विभागांत व्हावी. निदान झालेल्या रुग्णाला, दम उसळलेला असताना नव्हे तर तो स्थिरावल्यावर, पुढच्या भेटीत परिचारिकेने तोंडी दोन-तीन प्रश्न विचारावेत. उत्तर ‘हो’ आलं तर मोठी मोजपट्टी, आणि मग वर सांगितलेल्या क्रमाने पुढचं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोलून दाखवलं, तर त्याच दिवशी जिल्हा मानसिक आरोग्य पथक, आणि रात्री-अपरात्रीसाठी २०२२ पासून चालू असलेल्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर. वर्षभराने मोजायचं ते किती जणांना विचारलं हे नाही. किती जणांची गोळी बंद झाली, किती जण पुनर्वसनाला टिकले आणि किती जण पुन्हा रात्री धापा टाकत अपघात विभागात आले, एवढंच मोजावं. हे आकडे हलले नाहीत, तर दुसरी फळी बरोबर होती असं मान्य करून ही चाळणी बंद करायला माझी हरकत नाही.